कमी ताकदीचं टीव्ही केंद्र

परवा सायकलवरून कालव्याच्या कडेने येत होते आणि हायसिंथच्या फुलांचा वास आला. मी ब्रेक मारला. मागून येणाऱ्या बाईंनी जोरात घंटी वाजवली आणि जाता जाता डचमध्ये माझ्या अकलेची चौकशीही केली. करू देत. वर्षातून एकदा, मार्चच्या शेवटी, या वासासाठी मी रस्त्यात मध्येच थांबते. वास तसा फार नाजूक नाही. गोड, जाड, थोडा डोक्यात जाणारा, लग्नाच्या हॉलमध्ये गजऱ्यांची टोपली कुणीतरी उघडी टाकावी तसा. तो आला की मला दरवर्षी एकच वसंत आठवतो, दोन हजार वीसचा.

लोक म्हणतात, ती वर्षं विसरून जायची. ऑफिसातले म्हणतात, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या दुकानात पोहे घेताना भेटणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, पुण्याहून सासूबाई तर दर फोनला म्हणतात, "कशाला ते उगाळत बसतेस गं?" का नको? माझी वर्षं आहेत ती. चांगली दोन वर्षं आयुष्यातून काढून कचऱ्यात टाकायला मी काही एवढी श्रीमंत नाही. शिवाय त्या वर्षांत मी एका भांडणात होते आणि ते भांडण मला फार आवडलं होतं.

आमचं गाव नीउ-व्हेनेपपासून सायकलने अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही. इथली जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस जन्मतःच पाण्याशी हुज्जत घालायला शिकलेला असतो. पंप बंद पडला तर पाणी घरात येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. आधी वाटायचं, काय थंड लोक आहेत.

त्या वर्षीचा वसंत निर्लज्ज होता. एरवी एप्रिलमध्येही रेनकोट खुंटीवरून उतरत नाही, पण त्या वर्षी रोज ऊन. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावरून सतत विमानं जातात. त्या मार्चमध्ये ती थांबली आणि इतकी शांतता पसरली की कालव्यातली बदकं एकमेकांशी कशावरून भांडतायत तेसुद्धा समजेल असं वाटायचं. शेतांत जांभळे, गुलाबी, पांढरे पट्टे, आणि बघायला चिटपाखरू नाही. इथे फुलासाठी फूल लावत नाहीत, जमिनीतल्या कांद्यासाठी, म्हणजे विकायच्या कंदासाठी, लावतात. फुलांची मुंडकी वेळेवर छाटली की कांदा पोसतो. त्या वर्षीही छाटली. रस्त्याच्या कडेला फुलांचे ढीग कुजत पडले होते आणि वास दुप्पट झाला होता. मला त्या ढिगांचा राग यायचा. एवढं सगळं फुलून कुणी बघितलं नाही याचा राग.

घरात मिलिंद बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिवसभर मीटिंगमध्ये. मी काही विचारायला आत डोकावले की हात हलवायचा, "अगं, कॅमेरा ऑन आहे, नंतर बोल ना!" ईरा, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिची शाळा जेवणाच्या टेबलावर भरायची. मी मराठीत ओरडायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि आमच्या दोघींच्या भाषा एकमेकींना न धडकता निघून जायच्या. माझं सॉफ्टवेअर तपासण्याचं अर्धवेळ काम पहिल्याच आठवड्यात थंडावलं. तेव्हा संध्याकाळी मी जायचे ते फक्त टीव्ही केंद्राकडे.

केंद्र म्हणजे काय, तर गावच्या वाचनालयाच्या मागे, सायकलींच्या शेडला लागून असलेली एक खोली. दारावरची पाटी वाऱ्याने तिरकी झालेली आणि ती कुणी कधी सरळ केलेली नाही. आत दोन कॅमेरे, एक निळा पडदा, कॉफीचं यंत्र आणि सत्तरी ओलांडलेले स्वयंसेवक. केबलवर आमचं चॅनल दिसायचं. दिवसभर त्यावर अक्षरी पानं फिरत राहायची, चर्चमधला बाजार, हरवलेलं मांजर, दाताच्या डॉक्टरांची सुट्टी. संध्याकाळी रीट बातम्या वाचायची. मी तिथे गेले होते डच शिकायला. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भाषावर्गात मला बेकरीत अर्धा पाव कसा मागायचा ते शिकवत होते. केंद्रात पहिल्याच दिवशी रीटने मला "केबलवर पाय देऊ नकोस, बावळट" हे वाक्य शिकवलं. अर्धा पाव मी अजून कधी मागितलेला नाही, हे वाक्य मात्र रोज उपयोगी पडलं.

रीट तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढची. उंच, खणखणीत, ओठांना गडद लिपस्टिक. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे मीही रीटच म्हणते, पण मनात ती कायम रीटकाकू. तिचा नवरा हेंक. हे केंद्र त्या दोघांनी काढलेलं, आणि काढलं ते कायदा मोडून.

ते दोघं तरुण असताना देशात मोजके सरकारमान्य चॅनल होते आणि त्यांचे कार्यक्रम रात्री लवकर आटपायचे. हेंकचं म्हणणं असं की हवा सगळ्यांची आहे, ती मोकळी पडलेली असताना आपण वापरली तर बिघडलं कुठे? त्याने फुलांच्या कांद्यांच्या गोदामात एक लहानसा ट्रान्समीटर जोडला. ताकद इतकी कमी की गावाच्या वेशीबाहेर चित्र जायचं नाही. पहिला कार्यक्रम म्हणून त्यांनी हेंकच्या काकांची गाय विताना दाखवली. अर्धं गाव जागं राहिलं म्हणे. पुढे पोलीस आले. रीटने त्यांना दारात कॉफी दिली, इथल्या रिवाजाप्रमाणे बरोबर एकेक बिस्किट दिलं, आणि त्या दिवशी रिवाज मोडून दुसरं बिस्किटही पुढे केलं. पोलीस इतके चकित झाले की बसून राहिले. तोवर हेंकने ट्रान्समीटर कांद्यांच्या खोक्यात घालून मागच्या दाराने सायकलवरून पसार केला होता. पुढच्या शनिवारी रीटने प्रक्षेपणात त्या पोलिसांचे भेटीबद्दल आभार मानले. सरकारच्या नाकावर टिच्चून अशी काही वर्षं गेली, मग स्थानिक केंद्रांना परवाने मिळू लागले आणि हे हवेतले विनापरवाना चाचे समिती नेमून, अध्यक्ष निवडून सभ्य झाले. हेंकला ते कधी फारसं मानवलं नाही.

हे सगळं मला त्याच्याकडून कळलं. हेंकचे पाय गेले होते, हृदय कुरकुरत होतं, म्हणून तो गावाच्या टोकाला, कालव्यापलीकडच्या ज्येष्ठांच्या निवासात राहायचा. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच च्च् करतात. च्च् करण्यासारखं तिथे काही नव्हतं. रीट रोज दुपारी सायकलने जाऊन त्याच्याबरोबर जेवायची, आणि संध्याकाळी तो विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीवरून स्टुडिओत येऊन बसायचा, बायकोच्या बातम्यांत चुका काढायला. जवळजवळ ठार बहिरा असूनही काढायचा.

मार्चमध्ये निवासाचं दार बंद झालं. आतल्यांनी बाहेर यायचं नाही, बाहेरच्यांनी आत जायचं नाही. फोनवर हेंकला काही ऐकू यायचं नाही. टॅबलेट दिला तर तो उशीखाली ठेवून द्यायचा. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, रीट खाली गवतात उभी राहून हात हलवायची, आणि दोघांच्याही माना दुखायच्या. पन्नासेक वर्षांत प्रथमच त्या दोघांची एक अख्खी संध्याकाळ एकमेकांवाचून गेली. मग अशा संध्याकाळी वाढत चालल्या.

त्याच सुमाराला केंद्राच्या समितीने स्वयंसेवकांना कळवलं की सत्तरीच्या वरचे सगळे नाजूक गटात मोडतात, त्यांनी स्टुडिओत येऊ नये, आता फक्त अक्षरी पानं चालू ठेवू. आणि नगरपालिकेनेही हीच वेळ साधली. उन्हाळ्यात आमचं केंद्र जिल्ह्याच्या मोठ्या केंद्रात विलीन करायचा त्यांचा विचार होता, कारण, त्यांच्या शब्दांत, ते कुणी बघत नाही.

रीटने मला फोन केला. "मी नाजूक नाहीये," ती म्हणाली, "मी चिडलेय. तू सत्तरीच्या आतली आहेस ना? मग कॅमेरा घेऊन ये."

मग आम्ही असं ठरवलं की ती घरात, खिडकीच्या आत बसेल, मी बाहेर बागेत कॅमेरा लावेन. मध्ये काच. तिच्या कॉलरचा माईक आतल्या लॅपटॉपला, कॅमेऱ्याची वायर टपालाच्या फटीतून आत, आणि तिथून चित्र इंटरनेटने आमच्या चॅनलवर. पहिल्या दिवशी काचेत रीटपेक्षा मीच जास्त दिसत होते, स्वेटर घातलेली, केस विस्कटलेली. मग मी माझ्यामागे दोरीवर गडद चादर टांगली आणि तिच्या आडोशाने चित्रण सुरू झालं. येणारेजाणारे कुंपणावरून बघायचे. ईरा एकदा बरोबर आली आणि लाजेने लाल झाली. "आई, डू नॉर्माल!" म्हणाली. इथलं हे आवडतं वाक्य आहे, जरा माणसासारखं वाग म्हणून. मी म्हटलं, बाळा, माणसासारखंच वागतेय.

पण हेंकला हे दिसणार कसं? केबलवर आमच्या चॅनलला भलामोठा नंबर, त्यासाठी वेगळी पेटी, वेगळा रिमोट. निवासातल्या म्हाताऱ्यांचे टीव्ही थेट भिंतीतल्या जुन्या अँटेनाच्या केबलला जोडलेले. उपाय हेंकनेच फार पूर्वी करून ठेवला होता. केंद्राच्या कपाटात मॉड्युलेटर होता, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. इंटरनेटवरून येणारं चित्र घ्यायचं आणि इमारतीच्या केबलमध्ये सोडायचं, एवढंच तिचं काम. ती निवासाच्या वीजकपाटात लावली की प्रत्येक खोलीत पहिल्याच बटणावर रीट दिसेल. निवासाच्या व्यवस्थापकबाईंनी मागच्या दाराने, हातमोजे घालून, एकटीने यायच्या अटीवर होकार दिला. दिवस निघाला तो नेमका गुढीपाडव्याचा.

आता पाडव्याला नवं यंत्र लावायचं आणि ते तसंच कोरडं सुरू करायचं, हे माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तालुक्याच्या गावी टेकडीवरच्या सरकारी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रात नोकरीला होते. एक खोली, एक मनोरा आणि अप्पा. तिथल्या प्रत्येक यंत्राच्या कपाळाला कुंकू असायचं, दसऱ्याला ते ताजं व्हायचं. मुंबईहून साहेब तपासणीला आले की तेही आधी बूट काढायचे आणि मग मीटर बघायचे. मी पॉलिटेक्निकला जाऊन ओहमचा नियम शिकले तरी माझ्या लेखी यंत्राची पूजा हा जोडणीचाच एक भाग राहिला. सकाळी आमच्या बाल्कनीत गुढी उभारली. इथे मुलं परीक्षा पास झाली की झेंड्याच्या काठीला दप्तर टांगतात, त्यामुळे शेजारीण खालून ओरडली, "अभिनंदन! कोण पास झालं?" "सगळेच," मी म्हटलं. आणि पिशवीत मॉड्युलेटर, पेचकस आणि कुंकवाची डबी टाकून निघाले. वीजकपाटात पेटी बसवली, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, बटण दाबलं. त्या संध्याकाळी, बातम्या संपता संपता, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतला दिवा लागून विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. रीटच्या घरातून कालव्यापलीकडे ते दिसत होतं. "आता हा बटण बिघडवणार," ती म्हणाली आणि नाक शिंकरायला आत गेली.

त्यानंतरच्या संध्याकाळी माझ्या आठवणीत एकमेकींत मिसळल्या आहेत. बागेतल्या ओल्या गवताचा वास आणि त्यावर हायसिंथचा. कॅमेऱ्यावर बसलेली माशी. रीट वाचायची, कोणत्या दुकानात यीस्ट आलं, कोण नव्वद वर्षांचं झालं, कुठल्या बाकावर कुणाची काठी राहिली. खाली मोठ्या अक्षरांत मी मजकूर चालवायचे, हेंकसाठी. कधी ती वाचता वाचता थांबून लेन्समध्ये बघायची आणि म्हणायची, "स्वेटर उलटा घातला असशील तर बदल." सगळ्या गावाला वाटायचं आपल्यालाच सांगतेय. कितीतरी जणांनी तेव्हा स्वेटर तपासले असतील. एकदा मी पुरणपोळी करून दाखवली, काचेबाहेर, छोट्या गॅसवर, वाऱ्यात. पोळी फाटली आणि तीच लोकांना आवडली. आणि एका संध्याकाळी रीटने नगरपालिकेचा विलीनीकरणाचा विचार जसाच्या तसा वाचून दाखवला. "ते म्हणतात, आपल्याला कुणी बघत नाही," एवढं म्हणून ती हवामानाकडे वळली.

एप्रिल संपत आला होता. ऊन कलतं, रीट वाचतेय, मी चादरीआड. कालव्यापलीकडून खणखणाट ऐकू यायला लागला. पातेली, चमचे, काहीतरी लोखंडी. त्या दिवसांत लोक दारात उभे राहून नर्सेससाठी टाळ्या वाजवायचे, आम्हाला वाटलं त्यातलंच काहीतरी. रीट न थांबता वाचत राहिली. आवाज वाढतच गेला. मग माझा फोन वाजला. व्यवस्थापकबाई. "चित्र गेलंय. सगळे बाल्कनीत आहेत. मला आवरत नाहीयेत."

मी सायकल अशी हाणली की विचारू नका. निवासाच्या प्रत्येक बाल्कनीत एकेक म्हातारा नाहीतर म्हातारी, इस्त्रीचे शर्ट, सेट केलेले केस, आणि हातात पातेली. हे ते लोक जे लिफ्टमध्येसुद्धा कुजबुजतात. हेंक खुर्चीत, काठीने कठडा बडवत होता. त्यांना वाटलं होतं नगरपालिकेने केंद्र बंद केलं. कुणालाही न विचारता, उन्हाळ्याची वाटही न बघता. म्हणून बडवणं सुरू होण्याआधी ज्यांना फोन करता येत होता त्या प्रत्येकाने नगरपालिकेला फोन केला होता. कार्यालय बंद झालेलं, मग ज्यांना ओळखत होते त्या नगरसेवकांच्या घरी केला. जेवणाच्या वेळी केला, ही गोष्ट या देशात कुणी सहसा करत नाही.

वीजकपाटापाशी देखभालीचे गृहस्थ उभे होते, प्लग त्यांच्या हातात.

"हे तुमचं आहे?" त्यांनी विचारलं. "हे नापास झालेलं यंत्र आहे. चालू ठेवता येणार नाही."

"कुणी नापास केलं?"

त्यांनी बोट दाखवलं. पेटीच्या कपाळावर माझं कुंकू. इथे विजेच्या प्रत्येक वस्तूची तपासणी होते, आणि नापास वस्तूवर लाल खूण करतात. लाल म्हणजे धोका, प्लग काढा. बिचाऱ्यांनी नियमाप्रमाणे काढला होता. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे नेमकं उलटं आहे, लाल म्हणजे हे चांगलं चालावं. त्यांनी वाकून तो ठिपका बघितला आणि म्हणाले, "बरं. पण मग तपासणी कधी झाली?" झालीच नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे मीटर काढला, पेटी तपासली आणि कुंकवाशेजारी हिरवं स्टिकर लावलं. दोन्हीकडचे देव राजी झाले. रीटने बातम्या पहिल्यापासून पुन्हा वाचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, कुंकू लावलं होतंस ना?" अप्पा म्हणाले. "मग बंद कसं पडलं?"

"कुंकवामुळेच बंद पडलं, अप्पा."

ते इतके हसले की आतून आई पाणी घेऊन आली. मग त्यांनी टेकडीवरच्या दिवसांच्या आठवणी काढल्या. चित्र गेलं की गावातले लोक टेकडी चढून त्यांना शिव्या द्यायला यायचे. "मी खूश व्हायचो," अप्पा म्हणाले. "शिव्या घालतायत म्हणजे बघतायत की! ज्या दिवशी चित्र जाऊनही कुणी टेकडी चढणार नाही, त्या दिवशी कुलूप लावायचं." नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात तसं झालं होतं आमचं, फक्त दाबणारी मी, तेही नकळत.

त्याच दुपारी नगरपालिकेतून फोन आला. बाई फार सौम्यपणे म्हणाल्या, "कृपया तुमच्या प्रेक्षकांना सांगा की आम्ही केंद्र बंद केलेलं नाही."

"अजून," मी म्हटलं. "अजून बंद केलेलं नाही, असं सांगते. आणि प्रेक्षक आहेत हे तुम्हीच म्हणालात, तेही सांगते."

संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मी कुंकवाची डबी ठेवली. रीटने ती आत घेतली आणि कपाळाला भलंमोठं, वाकडं कुंकू लावून कॅमेऱ्यासमोर बसली. सगळा प्रकार तिने हसत हसत सांगितला, माझ्या नावासकट. शेवटी म्हणाली, "हा रंग ज्यांना धोक्याचा वाटतो, त्यांनी मला प्लगमधून काढून दाखवावं." पलीकडे पातेली वाजली. मला त्या क्षणी या गावाचं, या चिकट चिखलाच्या, वाऱ्याच्या, एका बिस्किटाच्या गावाचं अतोनात प्रेम वाटलं. आणि मी इथली आहे असंही वाटलं. कागदपत्रांनी ते मला कधी वाटू दिलं नव्हतं.

आम्ही जिंकलो असं सांगायला मला आवडलं असतं. नाही जिंकलो. जूनमध्ये ऑनलाइन सभा झाली, आमच्या तळमळीची नोंद घेण्यात आली, आणि तळमळीची नोंद घेऊन झाल्यावर केंद्र विलीन करण्यात आलं. कुणी बघत नाही हे कारण तेवढं वगळलं होतं, त्याऐवजी काळाची गरज आली. चॅनल केबलवरून गेलं. वाचनालयामागची खोली रिकामी झाली, पाटी मात्र मी काढून आणली आणि आमच्या बाल्कनीत तिरकीच लावली. मिलिंद म्हणाला, "चला, संपलं एकदाचं. दमली होतीस." दमले होते हे खरं. पण संपलं कशाने? मोठ्या केंद्राने गावाची केबल घेतली होती. निवासाच्या भिंतींतली केबल निवासाची होती, आणि तिच्यात काय सोडायचं ते तिथे राहणारे ठरवणार होते. व्यवस्थापकबाईंनी जेवणघरात विचारलं. अंतर राखून बसलेल्या म्हाताऱ्यांनी चमचे वर केले. आमचं प्रक्षेपण क्षेत्र आता एक इमारत होतं. हेंकने पुठ्ठ्यावर काळ्या अक्षरांत लिहून खिडकीला लावलं, 'पुन्हा चाचे'. खरं तर यावेळी आम्ही कायद्याने अगदी सरळ होतो, पण त्याचा आनंद कोण हिरावून घेणार?

एका इमारतीच्या बातम्या वाचायला वेगळी नजर लागते. कुणाचा चष्मा कुणाकडे गेला, कोणत्या मजल्यावर कॉफी पातळ येते, कोण दवाखान्यातून परत आलं. आणि कोण आलं नाही. ती नावंही रीट वाचायची, एकेका नावानंतर थांबून, आवाज न पाडता. हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं, मग संचारबंदी लागली. मी टोपी, मफलर, दोन जोड मोजे घालून चादरीआड उभी राहायचे आणि माझी बोटं बटणावर चिकटायची. तोवर निवासात एकाला एक माणूस भेटू शकत होता. रीट दुपारी तासभर हेंकजवळ बसायची आणि घाईने घरी येऊन खिडकीत बसायची, त्यालाच बातम्या सांगायला. मी विचारलं, "आत्ताच तर भेटून आलीस?" ती म्हणाली, "त्याला टीव्हीवरची मी जास्त आवडते. आवाज कमी करता येतो."

हेंक पुढच्या वसंतात गेला. साथीने नाही, हृदयाने. सकाळी गेला, रीट जवळ होती, तिने त्याचा हात धरलेला होता. व्यवस्थापकबाईंनी मला फोनवर सांगितलं आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. ईरा येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली. त्या संध्याकाळी प्रक्षेपणाचा प्रश्नच नव्हता. ज्याच्यासाठी ती पेटी लावली तो माणूस गेला होता. मी कॅमेरा पिशवीतून काढलासुद्धा नाही.

ऊन उतरायच्या वेळी रीटचा फोन आला.

"कुठे आहेस? उजेड चाललाय."

"रीट," मी म्हटलं, "आज कशाला? आज कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? सगळे टीव्हीसमोर येऊन बसले असतील. त्यांना सकाळपासून माहीत आहे, आणि कुणी काही बोललेलं नाही त्यांच्याशी. ये लवकर."

मी गेले. चादर टांगली, वायर आत सरकवली. रीट काळ्या कपड्यांत, लिपस्टिक नेहमीसारखी गडद. मी हाताने इशारा केला. तिने लेन्समध्ये बघितलं, आणि मी खाली मोठी अक्षरं चालवायला लागले, सवयीने, जरी आता ती कुणालाच लागणार नव्हती.

"शुभ संध्याकाळ," रीट म्हणाली. "आज सकाळी हेंक वारला. हे केंद्र त्याने काढलं. ते चालू आहे." ती थांबली. दुसऱ्या नावांनंतर थांबायची तेवढीच थांबली. मग तिने समोरचा कागद उचलला. "आता बातम्या. तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट उद्या दुपारपर्यंत बंद आहे. जिन्याने एकट्याने उतरू नका. दार उघडा आणि कुणालातरी हाक मारा."